चिटबॉयचा टॅब मेला नाही, झोपलाय

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटी बघतो. एकटाच. आमची कंपनी साखर कारखान्यांना ऊसनोंद आणि तोडणीचं सॉफ्टवेअर देते, त्यासोबत टॅबही आमचेच असतात. माझ्या आधीचे सीनियर दीड वर्षापूर्वी पुण्याला गेले. इंट्यूनच्या (कंपनीची उपकरणं दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) कन्सोलमध्ये ६४० उपकरणं दिसतात, प्रत्यक्षात चारशेसुद्धा नसतील. एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टचीच, खाती आणि उपकरणांची नोंदवही) तर २०१९च्या पुरात गावभागातल्या जुन्या ऑफिसात बुडालेल्या कॉम्प्युटरांची नावं अजून आहेत. साहेब म्हणतात, महिनाअखेरच्या आत हा कचरा उडव, लायसनचं बिल खाली आलं पाहिजे. मी एआयकडून पॉवरशेलची (विंडोजची हुकूम द्यायची भाषा) तीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहून घेतली. ९० दिवस संपर्कात नसलेलं प्रत्येक उपकरण शोधायचं आणि डिलीट करायचं, एवढंच तिचं काम. दोन जुन्या लॅपटॉपवर चालवून बघितली, चालली. शुक्रवारी रात्री सगळ्यांवर सोडावी म्हणतो. सोबत स्क्रिप्ट आणि ती ज्यांना उडवणार आहे त्यातली पहिली ५० नावं जोडली आहेत. एकदा नजर टाकाल का? मी वयाने लहान आहे, अरे-तुरे केलंत तरी चालेल.

– कुपवाडचा एकटा आयटीवाला

*

अरे, आधी कान पकड. माणसांची नावं, मोबाईल नंबर, सिरीयल नंबर, सगळं जसंच्या तसं ठेवून ती यादी तू एका परक्या बाईला ईमेलने पाठवलीस. मी वाचली आणि काढून टाकली. पुढच्या वेळी नावांचे रकाने पुसून पाठव.

आणि शुक्रवारी रात्री काहीही सोडू नकोस. शनिवार-रविवार तुला कुणाचा फोन येणार नाही आणि सोमवारी सकाळी तुझा फोन थांबणार नाही.

आता स्क्रिप्टबद्दल. ती वाईट नाही. तीस ओळीत काम होतं, हे खरंच आहे. पण माझा सगळा वेळ स्क्रिप्टपेक्षा त्या ५० नावांवर गेला. कॉफी दोनदा गार झाली. तुझी स्क्रिप्ट बरोबर चालेल, हीच मला भीती आहे. ती सांगितलेलं सगळं करेल आणि तिला जे सांगितलंय ते चुकीचं आहे.

५०पैकी १९ ओळींची नावं ‘चिट’ने सुरू होतात. शेवटचा संपर्क सगळ्यांचा मार्चअखेरचा नाहीतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. तू सांगलीत राहतोस, साखर कारखान्यांसाठी काम करतोस, आणि हे तुझ्या डोळ्याला खुपलं नाही? गळीत हंगाम संपला, चिटबॉयनी, म्हणजे कारखान्याच्या वतीने शेतावर तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्यांनी, टॅब जमा केले, कुणीतरी ते खोक्यात घालून कपाटात ठेवले. आज ऑगस्ट. चार महिने झाले, बॅटऱ्या कधीच उतरल्या असतील. दिवाळीच्या आसपास मोळी टाकली, म्हणजे गाळप सुरू झालं, की हेच टॅब चार्ज होऊन पुन्हा शेतात जाणार. ९० दिवसांचा नियम बंगलोरच्या ऑफिसातल्या लॅपटॉपला ठीक असेल. उसाच्या पट्ट्यातलं यंत्र वर्षातले सहा महिने झोपतंच.

आणि झोपलेल्याला डिलीट मारल्यावर काय होतं ते नीट समजून घे. तुमचे टॅब कंपनीच्या पूर्ण ताब्यातले अँड्रॉइड आहेत. अशा यंत्राला इंट्यूनमधून डिलीट दिलं की कन्सोलमधलं नाव लगेच जातं, पण टॅब मात्र नंतर कधीतरी नेट मिळून संपर्कात आला की स्वतःला कोरा करून घेतो. म्हणजे आज तुला काहीच दिसणार नाही. साहेब खूश, आकडा खाली. मग ऑक्टोबरात कुणीतरी खोकी उघडणार, टॅब चार्जिंगला लावणार, वायफायला जोडणार, आणि एकेक करून १९ टॅब (५० नावांत १९, म्हणजे सगळ्या यादीत किती ते तूच मोज) कोऱ्या पाटीसारखे समोर येणार. मग प्रत्येकाला पुन्हा क्यूआर कोड दाखवून नोंदवायचं, ॲप टाकायचं, गट नेमायचा. तेही तोडणीच्या टोळ्या वाटेला लागलेल्या असताना.

आता यादीतल्या बाकी गंमती.

चार डेस्कटॉपच्या सिरीयल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असं लिहिलंय. हे असेंबल केलेले पीसी आहेत. मदरबोर्ड बनवणाऱ्याने तो रकाना भरायला सोडला आणि जोडणाऱ्याने भरलाच नाही. तुझी स्क्रिप्ट यादी तयार करते तेव्हा सिरीयल नंबर लिहिते, आणि उडवताना त्याच सिरीयल नंबरवरून यंत्र पुन्हा शोधते. आता सांग, या एका ‘नंबरा’वर तिला किती यंत्रं सापडतील? हा मजकूर ज्या ज्या पीसीवर असेल ते सगळे. हिशेब विभागात आज सुरू असलेलासुद्धा.

दोन ओळी एकाच लॅपटॉपच्या असाव्यात, कारण सिरीयल एकच आणि नोंदणीच्या तारखा वेगळ्या. विंडोज नव्याने टाकून लॅपटॉप परत नोंदवला की जुनी नोंद तशीच राहते आणि नवी शेजारी येते. अशा वेळी ज्या नोंदीचा शेवटचा संपर्क ताजा आहे ती जिवंत, दुसरी भूत. सिरीयलवरून मारलंस तर भुताबरोबर माणूसही जातो. म्हणून उडवताना नाव आणि सिरीयल या दोन्हींवर भरवसा ठेवू नकोस. प्रत्येक नोंदीचा इंट्यूनने दिलेला लांबलचक आयडी असतो. यादीत तो घे आणि फक्त त्याच्यावरून मार. नाव आणि सिरीयल माणसांना वाचायला ठेव.

(एक्सेलमध्ये यादी उघडणार असशील तर आणखी एक. ज्या सिरीयल नंबरात आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘ई’ येतो त्याला एक्सेल मोठी संख्या समजून त्याचं भजं करतं, आणि सुरुवातीची शून्यं तर खाऊनच टाकतं. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मग फाईल आत घ्यायची. सीएसव्हीवर डबल क्लिक करायचं नाही.)

तीन ओळींत शेवटच्या संपर्काची तारीखच नाही. या तीन ओळी बघून मला हसू आलं, कारण इथे पॉवरशेलने तुला फसवलंय. पॉवरशेलमध्ये रिकाम्या गोष्टीची तारखेशी तुलना केली तर रिकामं हे नेहमी ‘लहान’, म्हणजे ‘आधीचं’ ठरतं. ज्या यंत्राची तारीख नाही ते तुझ्या स्क्रिप्टला जगातलं सगळ्यात जुनं यंत्र वाटतं. पण तारीख बहुतेक वेळा नसते ती नव्या यंत्राला, ज्याची नोंद झालीय आणि जे अजून खोक्यातून बाहेर आलेलं नाही. ही तीन नावं बघ, कुणाच्या तरी नव्या लॅपटॉपची असतील. रिकामी तारीख आली की त्या ओळीला हात लावायचा नाही, ती वेगळ्या कागदावर काढून माणसाने बघायची, एवढी एक अट स्क्रिप्टमध्ये घाल.

५०व्या नावापर्यंत पोचेपर्यंत खात्रीने मेलेली अशी मी २२ मोजली. निम्मीसुद्धा नाहीत. तुझ्या दोन लॅपटॉपच्या चाचणीत ही गोष्ट कळणं शक्य नव्हतं, कारण ते दोन तू स्वतः निवडले होतेस.

हे तुझ्यासारख्या एकट्या मुलालाच होतं असं समजू नकोस. एप्रिल २०२२मध्ये ॲटलासियन या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने एक जुनं ॲप ग्राहकांच्या साइटवरून काढायला स्क्रिप्ट लावली. ज्या टीमने यादी द्यायची होती तिने ॲपच्या आयडींऐवजी अख्ख्या साइटचे आयडी दिले. आणि स्क्रिप्टला दोन तऱ्हा होत्या, एक म्हणजे खूण करून ठेवायची, म्हणजे नंतर परत आणता येतं, आणि दुसरी कायमचं पुसायची. चालवली ती दुसरी. ५ एप्रिलला साधारण २३ मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट गेल्या, आणि शेवटच्या ग्राहकाला सगळं परत मिळायला १८ एप्रिल उजाडला. त्यांनी स्वतःच हे सगळं नंतर मोकळेपणाने लिहून जाहीर केलं. स्क्रिप्टमध्ये बिघाड नव्हता बघ. यादी चुकीची होती आणि परतीची वाट बंद होती.

परतीच्या वाटेचं मी स्वतः शिकले ते असं. बरीच वर्षं झाली, मी तेव्हा दुसऱ्या गावी एका कंपनीत होते. एका शाखेचे संगणक बंद करायचे होते. शाखेचं नाव ज्यात येईल अशा सगळ्या खात्यांना शोधून निष्क्रिय करायचं, अशी माझी ओळ होती, नावामागे एक चांदणी (*). शाखेचं नाव फाईलमधून येत होतं. फाईलमध्ये रकान्याच्या नावात मी एक अक्षर चुकले, त्यामुळे नाव रिकामं आलं, आणि उरली फक्त चांदणी. चांदणी म्हणजे सगळे. दोनशेच्या वर संगणकांवर लोकांना लॉगिन होईना. मी तासाभरात सगळं परत चालू केलं, ते केवळ एका कारणाने. माझ्या वरच्या माणसाने मला बजावलं होतं की पहिल्या दिवशी फक्त निष्क्रिय करायचं, पुसायचं नाही. त्या दिवशी मी पुसलं असतं तर आज हे सदर दुसरं कुणीतरी लिहीत असतं.

म्हणून तुझ्यासाठी आता आयर्विन पूल.

ऑगस्टमध्ये सांगलीत सकाळी उठून पहिला प्रश्न काय असतो? आयर्विनला कृष्णेचं पाणी किती फूट. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. चाळीसला पाणी आलं म्हणून कुणी घर सोडून पळत नाही, पण खालचं सामान माळ्यावर जातं, गाडी उंचावर लागते. पंचेचाळीसला मग हलायचं. २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ज्यांनी चाळीसला सामान हलवलं होतं त्यांचं निदान सामान वाचलं. तुझ्या स्क्रिप्टला एकच पातळी आहे, ९० दिवस, आणि त्याच पातळीला ती घर पाडते. तिला दोन पातळ्या दे.

इशारा पातळीला फक्त नावं वेगळी काढायची आणि एन्ट्रामध्ये ते उपकरण निष्क्रिय करायचं. निष्क्रिय केल्यावर कुणी जिवंत माणूस ते वापरत असेल तर दुसऱ्या दिवशी तुला शिव्या देईलच. शिव्या आल्या की एका क्लिकने परत चालू. हंगामी टॅब आणि राखीव लॅपटॉप यांच्यासाठी मात्र वेगळा गट कर आणि तो गट या सगळ्यातून बाहेर ठेव. त्यांच्या बाबतीत दिवस मोजायचे ते हंगाम सुरू झाल्यापासून. मोळी पडून दीड महिना झाला आणि टॅब अजून संपर्कात नाही, तर तो खरंच हरवलाय किंवा कुणाच्या घरी मुलं त्यावर कार्टून बघताहेत.

धोका पातळी त्यानंतर निदान महिनाभराने. तेवढ्यात कुणी ओरडलं नाही, आणि त्या त्या खात्यातल्या माणसाने यादीवर सही केली, तरच पुसायचं.

सहीचं जरा सविस्तर सांगते, कारण यंत्र जिवंत आहे की मेलं हे कन्सोलला माहीत नसतं. कन्सोलला फक्त शेवटचा संपर्क माहीत असतो. खरी माहिती असते स्टोअर सांभाळणाऱ्या मामांना, फील्ड सुपरवायझरला, हिशेबातल्या मॅडमना. यादी खात्यांप्रमाणे तोड, प्रत्येकाला त्याच्या पंधरा-वीस ओळी प्रिंट काढून दे (ईमेल कुणी वाचत नाही, कागदावर पेन चालतं) आणि प्रत्येक ओळीसमोर लिहून घे: आहे, नाही, विकला, बुडाला, माहीत नाही. ‘माहीत नाही’ म्हणजे पुसायचं नाही. या कामाला तुला दोन आठवडे लागतील. स्क्रिप्ट चालायला दहा मिनिटं.

आता पुसणं म्हणजे नक्की काय. तू पत्रात सगळीकडे ‘डिलीट’ लिहिलंयस, पण इंट्यूनमध्ये तीन वेगळी हत्यारं आहेत. रिटायर कंपनीचं ॲप, ईमेल, सेटिंग तेवढं काढून घेतं आणि माणसाचं खासगी तसंच ठेवतं. वाइप यंत्र कारखान्यातून आल्यासारखं कोरं करतं. डिलीट नोंद लगेच काढतं आणि यंत्राच्या जातीप्रमाणे पुढच्या संपर्काला रिटायर किंवा वाइप करायला लावतं, वर सांगितलं तसं. यातलं काहीच बंद पडलेल्या यंत्रावर होत नाही. हुकूम वाट बघत बसतो. म्हणून हरवलेला लॅपटॉप असेल तर आधी वाइप दे आणि तो पुरा झाल्याची नोंद येईपर्यंत डिलीट करू नकोस. नाव गेलं की तो वाइप झाला की नाही हे बघायची खिडकीच बंद होते.

एक माणूस अनेक ठिकाणी राहतो तसं एक उपकरणही. इंट्यूनमध्ये एक नोंद, एन्ट्रामध्ये एक, विंडोज असेल आणि तुमच्या सीनियरने ऑटोपायलट (लॅपटॉप चालू होताच तो कंपनीचा म्हणून आपोआप तयार करणारी सोय) लावलं असेल तर तिथे तिसरी, आणि ऑफिसात जुना डोमेन सर्व्हर असेल तर त्यात चौथी. क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंट्यून, मग ऑटोपायलट, शेवटी एन्ट्रा. ऑटोपायलटमध्ये नाव असेतो एन्ट्रा त्या नोंदीला हात लावू देत नाही. आणि नोंद डोमेन सर्व्हरवरून सिंक होत असेल तर ती सर्व्हरवरच काढ. एन्ट्रातून काढलीस तर अर्ध्या तासाने पुढच्या सिंकला परत येऊन बसेल आणि तू स्क्रिप्टला दोष देत राहशील.

ऑटोपायलट विसरून लॅपटॉप विकला तर काय होतं ते मी एका ओळखीच्याकडे पाहिलंय. कंपनीने जुने लॅपटॉप कर्मचाऱ्यांना स्वस्तात दिले. एकाने मुलीला बारावीनंतर भेट म्हणून दिला. तिने विंडोज नव्याने टाकलं, आणि लॅपटॉपने तिचं स्वागत वडिलांच्या कंपनीच्या नावाने करून कंपनीचा ईमेल मागितला. किती वेळा पुसा, तेच. शेवटी वडिलांना आयटीवाल्यांच्या पाया पडावं लागलं.

एन्ट्रातून नोंद काढायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) किल्ली. डिस्क कुलूपबंद असेल तर तिची किल्ली त्या नोंदीला टांगलेली असते, नोंद गेली की किल्लीही गेली. जुलै २०२४मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. तेव्हा ज्यांच्याकडे या किल्ल्या हाताशी होत्या ते लवकर सावरले, बाकीचे किल्ल्या शोधत बसले. तुझ्या बुडालेल्या कॉम्प्युटरांच्या डिस्क कुणी कपाटात जपून ठेवल्या असतील, ‘कधीतरी डेटा काढू’ म्हणून, तर आधी विचार.

आता चालवायचं कसं. पहिल्या आठवड्यात स्क्रिप्टला ग्राफकडून (मायक्रोसॉफ्टचं ते दार, ज्यातून स्क्रिप्ट इंट्यूनशी बोलते) फक्त वाचायची परवानगी घे. नुसतं ‘डिलीटची ओळ मी कॉमेंट केलीय’ एवढ्यावर विसंबू नकोस. हातात कोयताच नसला तर ऊस तुटणार कसा? परवानगीच फक्त वाचण्यापुरती असेल तर चुकून चालली तरी ग्राफ तिला परत पाठवेल. या आठवड्यात ती यादी बनवेल, बस. दुसरी स्क्रिप्ट वेगळी ठेव, ती काहीही शोधणार नाही. सही झालेली फाईल उघडेल, त्यातल्या आयडींवर चालेल, आणि फाईलमध्ये तीसपेक्षा जास्त ओळी दिसल्या तर चालायलाच नकार देईल. हा आकडा तू ठरव, पण ठरव. रिकामी फाईल आली तरी थांबायचं. माझी चांदणी आठव.

पहिल्या दिवशी पाच. दुसऱ्या दिवशी वीस. प्रत्येक ओळीचा निकाल वेळेसकट दुसऱ्या फाईलमध्ये लिहायचा, कारण मध्येच ग्राफ ‘४२९’ म्हणून थोपवेल. म्हणजे तू फार भराभर मागतोयस, इतके सेकंद थांब. थांबायचे सेकंद तोच सांगतो, तेवढं थांबून पुढे जायचं. अर्ध्यात स्क्रिप्ट पडली तर कुठपर्यंत झालं हे त्या फाईलवरून कळतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची वेळ येत नाही.

खरं सांगू? तुझ्या आकड्यात स्क्रिप्टशिवायही भागेल. इंट्यूनच्या कन्सोलमध्येच एका वेळी १०० उपकरणांवर एकदम कारवाई करायची सोय आहे. आणि ३० ते २७० दिवसांतला आकडा देऊन जुन्या नोंदी आपोआप दडवायचा नियमही आहे. तो काही पुसत नाही, नुसत्या नजरेआड करतो, आणि यंत्र परत संपर्कात आलं की बऱ्याचदा नोंदही परत दिसते. साहेबांना फक्त ६४०चा आकडा खुपत असेल तर हंगामी गट सांभाळून एवढंही पुरेल. पण तुला स्क्रिप्ट लिहायचीच आहे हे मला कळतं. मीही त्या वयात होते.

स्क्रिप्टच्या सातव्या ओळीत तू ॲपची गुप्त किल्ली (स्क्रिप्टचा पासवर्डच म्हण) उघडी लिहिली आहेस. आजच ती रद्द करून नवी काढ, कारण मला पाठवलेल्या फाईलमध्ये ती होती, म्हणजे आता ती दोन ठिकाणी आहे. उपकरणं सांभाळणारी व्यवस्था परक्याच्या हाती लागली तर काय होतं, ते ऑगस्ट २०२४मध्ये सिंगापूरने बघितलं. शाळांची उपकरणं सांभाळणाऱ्या व्यवस्थेत कुणीतरी घुसलं आणि २६ शाळांतल्या सुमारे १३,००० मुलांचे आयपॅड आणि क्रोमबुक दूरवरून कोरे झाले. मुलांच्या नोट्ससकट. तू जे हत्यार बनवतोयस ते हेच आहे, लक्षात असू दे.

लायसनचं. साहेबांना प्रेमाने सांग की उपकरणं उडवून बिल सहसा कमी होत नाही. इंट्यूनचं नेहमीचं लायसन माणसाला लागतं, आणि एका माणसाच्या नावावर १५पर्यंत उपकरणं चालतात. सोडून गेलेल्या माणसांची खाती ज्यांना अजून लायसन लावलेलं आहे ती शोध. पुण्याला गेलेल्या तुझ्या सीनियरपासून सुरुवात कर, माझी पैज आहे. तिथे पहिल्याच दिवशी पैसे वाचलेले दिसतील आणि टॅबसाठी तुला दोन महिने मिळतील. काही उपकरणांना स्वतंत्र लायसन असतं, तुमच्या टॅबना असेल तर तेवढं बघून घे.

यादीत सात फोन आणि एक लॅपटॉप ‘पर्सनल’ म्हणून दिसतात. त्यांना फक्त रिटायर, तेही ज्याचा त्याला फोन करून. कुणाच्या स्वतःच्या लॅपटॉपला तुझ्या हातून वाइप गेला आणि त्यात लग्नाचे फोटो असले, तर ‘स्क्रिप्टने केलं’ हे उत्तर चालत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या संगणकावरची माहिती पुसणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये येतं, आणि नुकसानभरपाई मागणारा माणूस तुझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला असेल. स्क्रिप्टमध्ये मालकीचा रकाना बघून ‘पर्सनल’ला वगळ. मग तो रकाना बरोबर भरलाय का तेही बघ, तुझ्या सीनियरने घाईत सगळ्यांना ‘कंपनी’ करून ठेवलं असेल.

साहेबांची लेखी मंजुरी घे. चार ओळींचा ईमेल पुरे: किती उपकरणं, कोणत्या तारखेला, कोणत्या गटाला वगळलं, परत आणता येणार नाही. त्यांनी ‘ओके’ एवढंच लिहिलं तरी जपून ठेव.

ईमेल पाठवायच्या आधी मात्र एक काम कर. तू पाठवलेल्या ५० नावांत ४१व्या ओळीवर एक आयपॅड आहे, मालकी कंपनीची, शेवटचा संपर्क २१४ दिवसांपूर्वी. नावात तीन अक्षरं आहेत, ती तुझ्या एमडींच्या आद्याक्षरांशी जुळतात का ते बघ. जुळत असतील तर वरती जाऊन विचार, तो घरी नातवाकडे आहे का.